शिशाच्या वजनांची चमक घालवणारी मॅट पावडर: वापरून बघितली, आवडली

मासे गरवायला घरी साच्यात ओतलेली शिशाची वजनं आणि जिगहेड (शिशाचं डोकं बसवलेले गळ) गार झाल्यावर नव्या भांड्यासारखी चकचकीत निघतात. हातात घेऊन बघायला छान वाटतं पण नितळ उथळ पाण्यात मला ती चमक नकोच असते, कारण बुजरे मासे लांब राहतात आणि दातवाले मासे कधीकधी गळ सोडून वजनावरच तोंड मारतात नि लाइन कापून जातात. गढूळ पाण्यात गरवत असाल तर मात्र एवढा खटाटोप करूच नका, तिथे काही फरक पडत नाही.

आता शिसं नुसतं उघड्यावर ठेवलं तरी हवेने करडं पडतं, फुकटचं काम आहे, फक्त धीर पाहिजे. पण भंगारातून आणलेल्या शिशात अँटिमनी किंवा कथील मिसळलेलं असलं तर ते लवकर काळवंडत नाही. म्हणून मी ही मॅट फिनिशवाली पॉलिएस्टर पावडर मागवली, ऑलिव्ह आणि गडद तपकिरी रंगात, आणि खरं सांगतो, ब्रशने लावायच्या रंगापेक्षा कितीतरी सरस आहे. रंग दगडाला घासला की पापुद्र्यासारखा निघतो, ही नीट भाजली तर चिकटून बसते. खडकावर जोरात आपटलं तर टवका उडतो आणि खालचं शिसं दिसतं, तेवढं धरून चला.

लावायची पद्धत सोपी आहे. वजन आधी ॲसिटोनने पुसायचं, बोटांचं तेल राहिलं तर तिथे पावडर धरत नाही. मग हीट गनने तापवून पावडरीत पटकन फिरवायचं, लगेच वितळून बसते. जास्त वेळ फिरवलंत तर थर जाड होतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो आणि जिगहेडचा डोळा (लाइन बांधायचं भोक) बुजतो, तो गरम असतानाच सुईने मोकळा करायचा. शेवटी ओव्हनमध्ये डब्यावर लिहिलेल्या तापमानाला भाजायचं, साधारण 180 ते 200 अंश. भाजणं नीट झालं का ते बघायला गार झाल्यावर कापसावर ॲसिटोन घेऊन घासा, कापसाला रंग लागला तर अजून कच्चं आहे. आणि हा ओव्हन स्वयंपाकाचा अजिबात नको, वेगळाच ठेवा.

एक गोष्ट डब्यावर कुठेच लिहिलेली नाही पण लिहायला हवी होती. शुद्ध शिसं 327 अंशाच्या आसपास वितळतं त्यामुळे ओव्हनमध्ये त्याला काही होत नाही, पण भंगारात सोल्डर (झाळकामाचं कथील-शिशाचं मिश्रण) जास्त असेल तर गोष्ट वेगळी, कथील-शिशाचं 63:37 मिश्रण 183 अंशालाच पातळ होतं. म्हणजे वजन भाजताना बसकण मारू शकतं. शंका असेल तर आधी एकच नग ट्रेवर ठेवून बघा.

बरेच जण व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला देतात, स्वस्त आहे, चमक जातेही. पण त्यात लेड ॲसिटेट तयार होतं, ते पाण्यात विरघळतं आणि विषारी आहे, मग ते पाणी ओतणार कुठे? घरात लहान मुलं असतील तर हा प्रकार करूच नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. सँडपेपरनेही घासू नका, शिशाची धूळ श्वासातून जाते. पावडरीचा मला सगळ्यात आवडलेला फायदा हाच, की वजन हाताळताना बोटांना शिसं फारसं लागत नाही, तरी हात धुवायचेच.

कोट केलं म्हणून शिसं निरुपद्रवी झालं असं मात्र समजू नका, पाण्यात हरवलेली बारीक वजनं पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि मरतात. ब्रिटनमध्ये 1987 पासून बहुतेक छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे ती याच कारणाने. तुमच्याकडचा नियम आधी बघून घ्या.

रंगाचं म्हणाल तर वाळूच्या तळाला तपकिरी, शेवाळ असेल तिथे ऑलिव्ह. काळा घ्यायची गरज नाही. डब्याचं झाकण मात्र फार सैल आहे, दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात, त्यामुळे आल्या आल्या घट्ट बरणीत काढून ठेवा. पुन्हा घेणार का? हो, पण मोठा डबा नाही, कारण एका वजनाला पावडर अगदी चिमूटभर लागते.