साखरपुड्याचे फोटो कुठे काढायचे? रत्नागिरीत थिबा पॉइंटची बाग आमच्यासाठी सगळ्यात भारी ठरली

धाकट्या बहिणीचा साखरपुडा फेब्रुवारीत झाला आणि फोटोंची सगळी जबाबदारी घरच्यांनी माझ्यावर टाकली, कारण मी मोठी आणि मला मोबाईलवर का होईना पण फोटो काढायची आवड. त्या निमित्ताने पंधरा दिवस ऑफिस सुटल्यावर रोज स्कूटी काढून रत्नागिरी शहर पालथं घातलं. रत्नदुर्ग किल्ला, मांडवी, पांढरा समुद्र आणि भाट्येचे किनारे, थिबा राजवाडा, आणि शेवटी थिबा पॉइंटवरचं जिजामाता उद्यान. हल्ली ज्याला त्याला आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊन ड्रोन उडवायचा असतो, आमच्याकडेही तेच चाललं होतं. पण मी मनापासून सांगते, शहरातली बाग आधी बघा. मी आता कोणालाही हेच सांगेन.

आधी काय चुकलं ते सांगते म्हणजे बाकीचं नीट कळेल. आम्ही पहिल्यांदा एका स्टुडिओचं पॅकेज घेतलं, नाव देत नाही, पोरं मेहनती होती. पॅकेज होतं एका संध्याकाळी तीन लोकेशन. साडेचारला येतो म्हणाले आणि पावणेसहाला आले. मग किल्ल्यावर वीस मिनिटं, तिथून खाली उतरून गाडी, मग मध्ये ट्रॅफिक, मग भाट्येला पोचलो तोवर सूर्य पाण्यात गेला होता आणि बहिणीच्या पायात वाळू, डोळ्यात पाणी. होणारे जावईबापू लांज्याहून हाफ डे टाकून आलेले, ते बिचारे काही बोलले नाहीत, पण फोटोत दोघांचे चेहरे असे आलेत की जणू कोणीतरी ओरडलंय त्यांना. एका संध्याकाळी कामाचा उजेड असतो फार तर सव्वा तास, त्यातला पाऊण तास आम्ही रस्त्यावर घालवला. त्या दिवशी ठरवलं की दुसऱ्यांदा एकच जागा, आणि ती जागा आदल्या आठवड्यात त्याच वेळेला स्वतः जाऊन बघायची.

त्याच वेळेला हे महत्त्वाचं आहे हां. सकाळी दहाला बघितलेली जागा संध्याकाळी सहाला ओळखू पण येत नाही. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय, त्यामुळे सकाळी ऊन डोंगराच्या बाजूने येतं आणि समुद्र नुसता फिक्का दिसतो, संध्याकाळी तोच समुद्र सोन्यासारखा. आणि सूर्य मावळायची वेळ पण बदलते, डिसेंबरात सहाच्या जरा पुढे, फेब्रुवारीत साडेसहाच्या पुढे, मे अखेरीस तर सात वाजून जातात. आमच्या मावशीने डिसेंबरातल्या एका साखरपुड्याच्या हिशोबाने पाचची वेळ दिली होती, ती आम्हाला चालली नसती, पाचला फेब्रुवारीत अजून ऊन कडक असतं आणि डोळ्याखाली काळं दिसतं.

समुद्राचं सांगते. मांडवीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा लाटा पार वरपर्यंत येत होत्या, उभं राहायला जागा नाही. जेटीवर एक मामा गळ टाकून बसले होते, त्यांना विचारलं रोज असंच असतं का, तर म्हणाले, "ताई, आज अष्टमी ना? आठाची पाऊणपट किती? सहा. म्हणजे सहाला भरती फुल्ल. पुनवेला ये, बघ कशी वाळू उघडी पडते." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे लहानपणी आजोबांकडून ऐकलं होतं पण कधी उपयोगच केला नव्हता. अगदी मिनिटावर नाही येत, पण अंदाज पक्का येतो. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्येला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आसपास, आणि सहा तासांनी, म्हणजे सूर्य मावळतीला, ओहोटी. तेव्हा ओली वाळू आरशासारखी चमकते आणि दोघांची सावली नाही, अख्खं प्रतिबिंब पडतं. समुद्रावरच फोटो हवे असतील तर कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि तिथी बघा, मग फोटोग्राफरला तारीख द्या. दुसरी गोष्ट, मांडवीची वाळू काळी आणि पांढऱ्या समुद्राची पांढरी, नावावरूनच कळतं. काळ्या वाळूवर गडद साडी नेसून उभं राहिलं तर खालचा भाग सगळा काळोखात जातो. पांढऱ्या वाळूवरून उजेड उलटा वर येतो आणि चेहरा छान उजळतो. भाट्येचं सुरूचं बन सुंदर आहे, उभ्या सरळ खोडांमधून तिरपं ऊन येतं, साध्या कॉटनच्या कपड्यांवर मस्त दिसेल, पण पैठणी सावरत वाळूतून चालणं म्हणजे अवघड काम.

रत्नदुर्गवर मी जास्त बोलत नाही. घोड्याच्या नालासारखा आकार, तीन बाजूला समुद्र, भगवती देवीचं देऊळ, दीपगृह, दिसायला तोड नाही. पण संध्याकाळचा खारा वारा तिथे असा सुटतो की पदर हातात धरूनच अर्धा वेळ जातो. केस उडायला नको असतील तर वाऱ्याकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे केस मागे जातात, पण मग सूर्य पण समोरच, डोळे बारीक होतात. आजी-आजोबांना तर वर चढवणंच नको.

थिबा राजवाड्याचा मोह मला सगळ्यात जास्त होता. ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी 1885 मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथे रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये हा राजवाडा बांधून पूर्ण झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच गेला. अर्धगोल लाकडी खिडक्या, लाल जांभा, उतरती छपरं, बघतच राहावं असं. पण ती संरक्षित वास्तू आहे, आत संग्रहालय आहे, त्यामुळे मोठा कॅमेरा आणि लाइटचे स्टँड घेऊन थेट घुसायचं नाही, ऑफिसात आधी विचारायचं आणि लेखी परवानगी लागत असेल तर घ्यायची, ते योग्यच आहे. मी एक गोष्ट शिकले तिथे. बहिणीला बाहेरच्या एका जांभ्याच्या गडग्यापुढे, म्हणजे दगडी कुंपणापुढे, उभं करून मोबाईलवर ट्रायल घेतली, तिने अबोलीची वेणी माळली होती, आणि फोटोत वेणी दिसेचना! केशरी अबोली आणि तांबडा दगड, एकमेकांत विरघळून गेले. चेहऱ्यावर पण दगडाचा तांबूसपणा येतो, सावळ्या रंगाला तो फार छान दिसतो हे खरं, पण वेणी गेली. आणि आमच्याकडे साखरपुड्याला वेणी नाही दिसली तर आजी मला घरात घेणार नाही.

तर आता बाग.

जिजामाता उद्यान थिबा पॉइंटला अगदी टेकडीच्या कडेला आहे, एसटी स्टँडवरून रिक्षाने थोडक्यात पोचता. आत हिरवळ, झाडं, पायवाटा, बाकडी, आणि कडेला गेलं की खाली सगळं एकदम उघडतं. काजळी नदी भाट्येच्या खाडीतून समुद्राला मिळते ते दिसतं, पूल दिसतो, राजिवडा या मच्छीमार वस्तीच्या होड्या, पलीकडे माडांची रांग, आणि त्याच्यामागे समुद्र. म्हणजे समुद्र तुम्हाला फोटोत मिळतोच, पण पायाखाली वाळू नाही, वारा झाडांनी अडवलेला, आणि दहा पावलं मागे आलं की बॅकग्राउंड पूर्ण हिरवं. एका जागेत तीन जागा. आम्ही पॅकेजमध्ये जे तीन लोकेशन विकत घेतले होते ना, ते इथे चालत चालत मिळाले.

मी आदल्या बुधवारी पाच ते पावणेसात बसून बघितलं ऊन कुठून कुठे सरकतं. वहीत लिहून ठेवलं होतं, साडेपाचला कुठल्या झाडाखाली, सहाला कुठल्या बाकड्याजवळ, सव्वासहाला कठड्याशी. झाडाखाली एक गंमत कळली, गच्च पानांच्या खाली चेहऱ्यावर हिरवट झाक येते, नवरी आजारी असल्यासारखी दिसते. उपाय सोपा, झाडाच्या आत नाही, सावलीच्या कडेला उभं करायचं, तोंड मोकळ्या आकाशाकडे. आणि पांढरी थर्माकोलची शीट, स्टेशनरीच्या दुकानातून घेतली, ती माझ्या भाच्याने छातीशी धरून उभं राहायचं म्हणजे खालून मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. एवढ्या साध्या गोष्टीने इतका फरक पडतो की मला खरंच आश्चर्य वाटलं.

फोटो काढायला दुसऱ्यांदा बहिणीची कॉलेजची मैत्रीण आली, तिच्याकडे चांगला कॅमेरा आहे आणि मुख्य म्हणजे तिला दोघांशी बोलता येतं. मोरपंखी पैठणी हिरवळीवर कशी दिसेल याची मला धास्ती होती, हिरव्यात हिरवं जाईल की काय, पण उतरतं ऊन पडल्यावर जरीकाठ असा उठून आला आणि अबोलीची वेणी तर लांबून दिसत होती. होणाऱ्या नवऱ्याचा कुर्ता मोतिया रंगाचा, एकदम शुभ्र नको हे मीच सांगितलं होतं, पांढरा शुभ्र कपडा उन्हात फटफटीत दिसतो आणि चेहरा त्याच्यापुढे काळा पडतो.

पहिली पंधरा मिनिटं तो अवघडला होता. "ताई, मला कॅमेऱ्यासमोर हसताच येत नाही हो," म्हणाला. मग मी कॅमेरा बंद करायला लावला आणि दोघांना नुसतं पायवाटेवरून चालायला सांगितलं, खाली खाडीत होडी येत होती ती बघत बघत. बागेचा हा फायदा आहे, तिथे माणसं चालतात, बसतात, शेंगदाणे खातात, म्हणजे तुम्हाला काहीतरी करायला असतं. किल्ल्यावर किंवा वाळूवर नुसतं उभं राहून पोज द्यावी लागते. आणि आई, बाबा, आजी तिघंही आले होते! आजी काठी टेकत बाकड्यापर्यंत आली, बसली, आणि बहिणीला म्हणाली, "अगो, इकडे ये, वेणी सुटल्ये तुझी." बहीण तिच्यापुढे गुडघ्यावर बसली, आजीने तोंडात पिन धरून थरथरत्या हाताने वेणी पुन्हा खोवली, मागे तो उभा, आजीची काठी हातात घेऊन. मैत्रिणीने तेवढ्यात क्लिक केलं. साखरपुड्याच्या दिवशी प्रवेशद्वारावरच्या बॅनरला तोच फोटो लावायचा असं सगळ्यांचं एकमत झालं, दोघं समोर बघत पण नाहीयेत त्यात.

उणं काय ते पण सांगते. रविवारी आणि सुट्टीला गर्दी असते, बाग मुलांची आहे, मुलं खेळणारच, त्यांना बाजूला व्हा म्हणायचा आपल्याला हक्क नाही. म्हणून मंगळवार ते गुरुवार जा. कपडे बदलायच्या भरवशावर जाऊ नका, घरून तयार होऊनच निघा, फार तर ओढणी किंवा शाल बदला. एप्रिलच्या मध्यानंतर चाकरमानी आणि पर्यटक दोन्ही येतात, घामाने मेकअप टिकत नाही आणि समुद्रावर धूसरपणा असतो, लांबचं स्वच्छ दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. पावसाळ्यात हिरवं सोनं असतं पण तारीख पक्की करणं कठीण. ड्रोन हवाच असेल तर तिथे उडवायला बंदी नाही ना, तो झोन आधी तपासा, रत्नागिरीचा विमानतळ कोस्ट गार्डकडे आहे आणि शहराच्या अगदी जवळ आहे, ड्रोनवाला "काय होत नाही" म्हणाला तरी ऐकू नका, परवानगी दाखव म्हणा. बागेत मोठं साहित्य लावणार असाल तर गेटवर आधी विचारून घ्या, आम्ही एक कॅमेरा आणि थर्माकोल घेऊन गेलो म्हणून काही अडचण आली नाही.

खर्चाचं म्हणाल तर थर्माकोल, रिक्षा, वेणी आणि नंतर सगळ्यांना भेळ, बस. मैत्रिणीने पैसे घेतले नाहीत, आईने तिला साडी दिली.

माझ्याकडून या बागेला पाचपैकी साडेचार. अर्धा गर्दीचा कापला, तो पण आम्ही बुधवारी गेलो म्हणून फारसा जाणवला नाही. पांढऱ्या समुद्राला चार, पण तिथी बघून गेलात तरच. राजवाड्याला आकडा देत नाही, तिथे मी परत नुसतं बघायला जाणार आहे.

आजीने वेणीचा तो फोटो मोठा करून मागितलाय. फ्रेमवाल्याकडे टाकलाय, शनिवारी मिळेल.