हयातीचा दाखला, 70 रुपयांत, आपल्याच दारात

बुधवारी 9 डिसेंबर 2020 ला सकाळी सव्वाअकराला पोस्टमन आमच्या दारात आला आणि बारा वाजायच्या आत माझा हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहण्यासाठी दर वर्षी द्यावा लागणारा जिवंत असल्याचा पुरावा, होऊन गेला. टपाल खात्याची ही घरपोच सेवा नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झाली. पैसे 2020 साली 70 रुपये, करासकट. खातं पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतच हवं असं नाही, पेन्शन दुसऱ्या बँकेत जमा होत असली तरी चालतं. केंद्र सरकारच्या ज्या पेन्शनरांना बाहेर पडणं जमत नाही त्यांनी बिनदिक्कत बोलवावं, हे आधीच सांगून टाकते.

माझं वय 72, घरात एकटीच. "पासष्टच्या वरच्यांनी घरातच थांबावं" हे कोरोना आल्यापासून, म्हणजे मार्चपासून, ऐकून ऐकून कान किटले. लेक पुण्यात. सप्टेंबरपर्यंत ई-पासशिवाय जिल्हा ओलांडता येत नव्हता आणि पास बंद झाल्यावरही मीच तिला येऊ नको म्हटलं. पेन्शनवरची महागाई सवलत 17 टक्क्यांवर गोठली ती जुलै 2021 पर्यंत, तेही सोसलं. पण नोव्हेंबरात बँकेच्या दारात जे झालं ते मनाला लागलं. खडूच्या गोलात पाऊण तास उन्हात उभी होते. नंबर आला तेव्हा गेटवरच्या मुलाने कपाळासमोर यंत्र धरलं, वय विचारलं आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला आत सोडता येणार नाही. घरच्या कुणाला तरी पाठवा." मी जिवंत आहे हे सांगायला माझ्या जागी दुसरं कोण चालणार? त्याला समजावायला गेले तर मागून लोक ओरडायला लागले. तशीच परत आले. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खिडकीच्या आतल्या बाजूला 37 वर्षं बसले, म्हणून ते जास्त लागलं असेल. 1971 मध्ये डाक-तार खात्यात क्लार्क म्हणून लागले आणि 2008 ला सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्हा फौजी लोकांचा. मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावात सैन्यात माणूस नाही असं घर शोधावं लागतं. त्यांच्या पेन्शनी आमच्या खिडकीवर वाटल्या जायच्या आणि नोव्हेंबर आला की दाखल्यांसाठी गर्दी. नोकरीला लागून वर्ष-दीड वर्षच झालं होतं तेव्हा एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या जवानांच्या बायका यायला लागल्या. माझ्याच वयाच्या, कडेवर पोर. नियमाप्रमाणे त्यांना विचारावं लागायचं, पुन्हा लग्न केलं आहे का. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या मुलीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्यानंतर मी तो प्रश्न कधी खिडकीतून विचारला नाही. बाईला आत बोलवायचे, शेजारी बसवायचे, पोराच्या हातात काहीतरी द्यायचे, मग हळू विचारायचे.

आणि अंगठे! जन्मभर खुरपं धरलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगठ्याला रेघच उरलेली नसायची. शाई लावून कागदावर टेकवला की नुसता काळा डाग. ओल्या फडक्याने पुसायचा, शाई कमी करून पुन्हा घ्यायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. एक आजी दर वर्षी विचारायची, "बाई, हाय न्हवं मी?" मी म्हणायचे, "आहात, आजी, चांगल्या आहात." तेवढं ऐकल्याशिवाय ती खिडकीवरून हलायची नाही.

परवा तो प्रसंग माझ्यावर आला. लेकीने पुण्यात बसून टपाल खात्याच्या पोस्टइन्फो ॲपवर विनंती टाकली होती. पोस्टमन आला तो मास्क लावून, हातावर सॅनिटायझर घेऊनच. पंचविशीतला मुलगा. व्हरांड्यात दोन खुर्च्या लांब लांब ठेवल्या होत्या. आधार नंबर, मोबाईल, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, बँक खातं, सगळं एकेक विचारून भरलं आणि प्रत्येक आकडा मला परत वाचून दाखवला. ही सवय ज्याने लावली त्याचं कौतुक. पुनर्विवाहाच्या रकान्याशी तो अडखळला. मीच म्हटलं, "विचार बाळा, नियम आहे."

मग बोट ठेवायचं छोटं यंत्र. अंगठा तीनदा ठेवला, तिन्ही वेळा नाही. आठ महिने दिवसातून वीस वेळा साबण आणि सॅनिटायझर, अंगठ्याची कातडी कागदासारखी झालेली. माझ्या पोटात गोळा आला. तो मात्र शांत. यंत्राची काच पुसली आणि म्हणाला, "मॅडम, जरा खोबरेल लावून पुसून टाका आणि मधलं बोट देऊन बघू." मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. पीपीओवर खात्याचं नाव त्याने तेव्हाच नीट पाहिलं असावं. "मॅडम, तुम्ही तर आपल्याच खात्यातल्या!" असं म्हणून तो उठून उभा राहिला. चहा घेतला नाही, मास्क काढायचा नव्हता. त्याच्या बीटमध्ये अजून सहा पेन्शनर व्हायचे होते. लॉकडाऊनमध्ये याच यंत्रावर लोकांना बँकेतले पैसे घरी नेऊन दिले, हेही त्याने जाता जाता सांगितलं.

मोबाईलवर प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा, मेसेज आला. तो वहीत उतरवून ठेवा. दाखला दुसऱ्या दिवशी सरकारच्या जीवन प्रमाण या संकेतस्थळावर दिसतो, माझा लेकीने उतरवून व्हॉट्सॲपवर पाठवला. पीपीओ, पासबुक आणि आधार आधीच काढून ठेवा, आणि ज्या नंबरावर ओटीपी येणार तो फोन चार्ज करून जवळ ठेवा. दोन दिवस आधीपासून बोटांना तेल लावा, हा माझा अनुभवाचा सल्ला.

एक गोष्ट मात्र खात्यातल्या वरिष्ठांनी ऐकावी. ज्यांचं एकही बोट उमटत नाही अशी माणसं खेड्यापाड्यात खूप आहेत. त्यांच्यासाठी कागदावरचा दाखला, साक्षीदार आणि सही-शिक्का हा रस्ता बंद होऊ देऊ नका. पोस्टमनच्या पिशवीत यंत्राबरोबर कोरा फॉर्मही असू द्या.

2020 साली मुदत 31 डिसेंबरपर्यंत होती. आमच्या मागच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, 84 वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. त्यांचा पीपीओ नंबर मी काल फोनवरून लिहून घेतला, लेकीने विनंती टाकली. सोमवारी तोच मुलगा येणार आहे. काकूंना खोबरेलाचं सांगून ठेवलं आहे.