फोनवर बोलून मराठी लिहिणं: एका मुद्रितशोधिकेचा तीन महिन्यांचा अनुभव

उजव्या अंगठ्याची शीर आखडली आणि डॉक्टरांनी टायपिंग बंद करायला सांगितलं, तेव्हा फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह मी पहिल्यांदा दाबलं. त्याला आता तीन महिने झाले. पंचवीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली आहेत, त्यामुळे कुठलाही मजकूर समोर आला की माझे डोळे आधी वेलांट्या-उकारांकडे जातात. इथेही तेच झालं, आणि पहिल्याच दिवशी मी थक्क झाले.

ऱ्हस्व-दीर्घ जवळजवळ बिनचूक होतं. 'मूल' दीर्घ, पण 'मुलाला' ऱ्हस्व. 'जमीन', पण 'जमिनीत'. 'फूल', पण 'फुलांचा'. मराठी शब्दाला प्रत्यय लागताना, म्हणजे सामान्यरूपात, शेवटून दुसरं (उपान्त्य) दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं, हा नियम मी चांगल्या-चांगल्या लेखकांच्या मजकुरात जन्मभर लाल शाईनं पाळायला लावत आले. इथे तो न सांगता पाळलेला. बोलताना आपण 'दिन' आणि 'दीन' यांत फरक करत नाही, तरी माझ्या एकाच परिच्छेदात 'महिला दिन' आणि 'दीनदुबळे' दोन्ही बरोबर उमटले. म्हणजे हा कीबोर्ड नुसतं कानानं लिहीत नाही, शेजारचे शब्द पाहून अंदाज बांधतो. हे मला फार आवडलं. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घाच्या धास्तीनं मराठीत लिहायचा संकोच वाटतो, त्यांनी हे नक्की वापरून पाहावं.

पण याच अंदाजापायी तो भलतीकडेच घसरतो. "आचाऱ्यांना सकाळी लवकर यायला सांग" असा निरोप मी भावाला धाडला. तिकडे पोचलं 'आचार्यांना'. स्वयंपाक करणारे आचारी आणि शिकवणारे आचार्य यांत कुठलाही मराठी माणूस बोलताना गफलत करत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' म्हणून पाहा. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, जीभ तिथे अडते; 'दऱ्या' म्हणताना ती सरळ पुढे जाते. समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा, एवढं अंतर त्या एका आघातानं पडतं. मी 'दऱ्या' दहा वेळा सावकाश, स्पष्ट म्हणून पाहिलं. सात वेळा रफारच आला. कागदावर हा फरक दाखवायला आपल्याकडे वेगळा अर्धा र आहे, युनिकोडमध्येही त्यासाठी ऱ हे अक्षर आहे. सोय सगळी आहे, तिचा उपयोग मात्र होत नाही.

याहून जास्त त्रास शब्द तोडण्याचा. 'घरा समोर', 'त्या मुळे', 'तिच्या साठी'. हिंदीत 'घर के सामने' सुटं लिहितात, आपल्याकडे शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येतं, म्हणून तर त्याचं नाव शब्दयोगी. एका पानात मी असे अकरा तुकडे मोजले. ते जोडायला प्रत्येक ठिकाणी बोट नेमकं टेकवायचं, मधली जागा खोडायची. ज्या अंगठ्याला आराम म्हणून हे सुरू केलं, तोच संध्याकाळी ठणकायला लागला.

विरामचिन्हांचं सांगायचं तर 'पूर्णविराम' म्हटलं की कधी टिंब येतं, कधी 'पूर्णविराम' हा अख्खा शब्द. 'पावणेआठ' सांगितलं तर 'पावणे' अक्षरात आणि आठ आकड्यात. नेट नसलं की माझ्या फोनवर हे मुळीच चालत नाही. निरोप, यादी, कार्यालयीन पत्राचा कच्चा मसुदा एवढ्याला मी समाधानानं वापरते आणि पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचते. मोठ्यानं वाचल्यावर 'आचार्य' सापडतात. नुसत्या नजरेला ते सापडत नाहीत, कारण शब्द म्हणून ते शुद्धच असतात. मुद्रितशोधनात माझी नजर चुकीचा शब्द हुडकायला तयार झाली आहे. इथे शब्द बरोबर असतो, फक्त तो बोललेला नसतो.

हे मला नीट कळलं ते आत्यामुळे. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि तिच्या आठवणी उतरवून घ्यायचं माझ्या फार दिवस मनात होतं. फोन तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "म्या न्हाई म्हनलं त्येला, मंग त्यो गेला निघून." पडद्यावर आलं: "माया नाही म्हटलं त्याला मग तो गेला निघून."

'न्हाई'चं 'नाही' झालं, 'त्येला'चं 'त्याला', 'मंग'चं 'मग', 'त्यो'चा 'तो'. कोणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. आणि 'म्या' त्याला ठाऊकच नसावा, म्हणून त्या जागी 'माया' बसली. ज्या वाक्यात एका बाईनं स्वतः नकार दिला होता, त्या वाक्यातून तीच नाहीशी झाली.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ सालचे, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. नियम म्हणजे बोलीचा गळा दाबणं, असं पुष्कळांना वाटतं. पण याच नियमांनी पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिलेली आहे. ज्याचं बोलणं, ते त्याच्यासारखंच उमटावं, एवढी जाण त्यांत आहे. मी कितीही कडक असले तरी कथेतल्या संवादावर लाल शाई चालवली नाही. या कीबोर्डला संवाद आणि निवेदन वेगळं करता येणार नाही, हे मला समजतं. पण 'जसं ऐकलं तसं लिहा' असा एखादा पर्याय तरी हवा, आणि अनोळखी शब्द आला की त्याखाली रेघ तरी मारावी. गुपचूप बदलू नये. सेटिंगमध्ये मी सगळीकडे शोधलं, असं काही नाही.

आत्याला मी तो मजकूर वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पोरी, ह्ये म्या कवा म्हनले?"

तेव्हापासून तिच्यासाठी मी फक्त ध्वनिमुद्रण करते. रात्री कानात लावून ऐकते आणि जाड पेन्सिलनं वहीत उतरवते, अंगठा सांभाळत. दिवसाला अर्धं पान होतं. कालच्या अर्ध्या पानात 'म्या' चार वेळा आला, चारही वेळा तसाच लिहिला.