डाळ संपली की भिंतीवर लागणारी लाकडी पेटी

जळगावच्या एका छोट्या वर्कशॉपची ही भेटीची पेटी. आत तीन कापडी पिशव्या: नवापूरची तूरडाळ, कळण्याचं (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं) पीठ आणि खान्देशी काळा मसाला. बाहेरून 12 बाय 8 इंच, खोली 5 इंच. चारही बाजू 12 मिलिमीटर जाड पाइनच्या, तळ 6 मिलिमीटर प्लायचा, वर खाचेतून सरकणारं झाकण. माल संपला की पेटी उभी करून भिंतीला टांगायची. पिशव्यांच्या मधल्या दोन आडफळ्या मग मसाल्याच्या डब्यांचे कप्पे होतात.

दुसऱ्या वापराचा विचार लाकूड कापण्याआधीच झालाय, हे जागोजागी दिसतं. आडफळ्या ठोकलेल्या नाहीत, खाचेत सरकवल्या आहेत. कप्प्याची उंची साडेतीन इंच आहे. स्टीलच्या डब्या बसतात, उंच बाटल्या बसत नाहीत. पण एक आडफळी काढली की सात इंच मोकळे मिळतात. कोपरे फिंगर जॉइंटचे, म्हणजे बोटांसारखे एकमेकांत अडकवलेले, एकही खिळा नाही. आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दुकानाचं नाव तळाच्या बाहेरून डागलंय, टांगल्यावर ते भिंतीकडे जातं. दर्शनी बाजूला मोठा लोगो असलेली पेटी कितीही सुबक असली तरी शेवटी माळ्यावरच जाते.

झाकण मात्र चुकलंय. ते अखंड पाइनचं आहे आणि खाचेत जेमतेम अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवलीय. लाकूड लांबीत फारसं हलत (फुगत-आकसत) नाही, रुंदीत हलतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात जातो, हवा कोरडी ठाक असते. जुलैत तीच हवा दमट होते. आठ इंच रुंद पाइनची फळी एवढ्या फरकात दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते. म्हणून उन्हाळ्यात खुळखुळणारं झाकण पावसाळ्यात घट्ट अडकतं. तेव्हा ते हातोडीने ठोकू नका, खाचेची पातळ कड तुटते. कोरड्या दिवसांत झाकणाच्या दोन्ही लांब कडा 80 नंबरच्या, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दोन्ही मिळून तीन मिलिमीटर कमी करा आणि खाचेत मेणबत्ती फिरवा. तेल सोडू नका, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. बनवणाऱ्यांनी झाकणही 6 मिलिमीटर प्लायचं केलं तर हा प्रश्नच उरत नाही, कारण प्लाय रुंदीत जवळपास हलत नाही.

टांगल्यावर झाकण समोर येतं आणि ते वरच्या बाजूने ओढून काढायचं असल्याने पेटीच्या वर किमान एक फूट मोकळी भिंत लागते. ओट्यावरच्या कपाटाखाली ही पेटी लावली तर झाकण निघणारच नाही. तिथे ते काढूनच ठेवा.

टांगण्यासाठी मागे दोन लोखंडी पट्ट्या आहेत, पण त्यांचे स्क्रू फक्त तळाच्या प्लायमध्ये धरतात. तीन-चार किलो वजन कायमचं त्यांच्यावर सोडू नये. आतून वरच्या टोकाला 12 मिलिमीटरची एक पट्टी चिकटवा, म्हणजे स्क्रूला पकड मिळेल. विटांच्या भिंतीत प्लग आणि दीड इंची स्क्रू पुरतो. धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीत प्लग हमखास निसटतो. तिथे पेटी लाकडी खांबावरच लावावी.

लाकूड एमआयडीसीतल्या जुन्या पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींचं आहे. त्यात गैर काही नाही, मात्र पॅलेटवरचा शिक्का बघून घ्यायला हवा. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं लाकूड. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या कीटकनाशक वायूची धुरी दिलेलं, ते खाण्याच्या वस्तूंजवळ नको. कापून रंधा मारल्यावर शिक्का उरत नाही, म्हणून घेताना स्पष्ट विचारा. पेटीखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर भुंगा लागलाय, पेटी बदलून घ्या.

मसाल्याची पिशवी नुसत्या कापडाची आहे. मसाल्यातल्या खोबऱ्याचं तेल पाझरून पाइनवर डाग पडतो आणि वास मुरतो. तो कप्पा पुढे मसाल्यालाच ठेवा, पिठाला नाही. आत बटर पेपरची एक घडी असती तर हे टळलं असतं.

टांगण्याआधी पेटी कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस सावलीत ठेवा. धुवायची नाही, सांधे पांढऱ्या गमचे आहेत, भिजले की सुटतात. घरातलं शेंगदाणा तेल लावू नका, ते वाळत नाही आणि खवट होतं. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन फडक्याने पातळ चोळलं की पुरे. जवसाचं तेल लावलंच तर तेलाचा बोळा गोळा करून टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा, मग फेका.

रिकाम्या पेटीचं वजन सव्वा किलोच्या आसपास आहे, कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवताना ते बिलात दिसतं. गावातल्या गावात भेट द्यायची असेल तर बिनधास्त घ्या. बाहेरगावी पाठवायची असेल तर आधी प्लायच्या झाकणाची मागणी करा, आणि टांगायच्या पट्ट्यांसोबत ती आतली पट्टीही बसवून मागा.