जुन्या चर्चच्या भिंती: चुन्याचा गिलावा की सिमेंटचा?

पॅरिशचं जुनं चर्च दुरुस्तीला काढलं की छत, घंटाघर, वेदी यांवर तासन्‌तास चर्चा होते. गिलाव्याचा विषय मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. ठेकेदार सिमेंट सुचवतो, जुन्या इमारतींवर काम केलेला वास्तुविशारद चुना म्हणतो. माझा कौल आधीच सांगतो: भिंत चुन्यात बांधलेली असेल तर गिलावाही चुन्याचाच हवा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं आहे. तुमचं चर्च त्याआधीचं असेल, तर मूळ बांधकामात ते असणं शक्यच नाही.

सिमेंटच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. ते कुठेही मिळतं, कुठलाही गवंडी ते लावतो, काम झटपट उरकतं आणि भिंत पहिल्या दिवसापासून टणक दिसते. सणाच्या आधी चर्च उघडायचं असेल तर मोह होणारच.

अडचण त्या टणकपणातच आहे. जुन्या जाड भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू वाफ होऊन निघून जातं. वर सिमेंट बसलं की ही वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते किंवा आतल्या बाजूला फुटते. छताच्या तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं कुजायला लागतात. पाण्यासोबत आलेले क्षार सिमेंटच्या मागे साठून स्फटिक होतात आणि मऊ दगडाचा भुगा करतात. काही वर्षांनी सिमेंटची खपली पडते, तेव्हा दगडाचा दर्शनी भागही सोबत घेऊन येते. चुन्याचा गिलावाही झिजतो, त्यालाही लोणा लागतो. पण तिथे झिजतो तो गिलावा, दगड वाचतो. गिलावा पुन्हा करता येतो.

तिसरा सल्लाही हमखास येतो: गिलावा काढूनच टाका, उघडा दगड छान दिसतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकाचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात असाच काढला गेला. आज तिचा जांभा पावसाचा मारा थेट झेलतो आहे.

चुन्याचीही खोड समजून घ्या. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत घट्ट होतो, म्हणून घाई चालत नाही. पातळ थर, दोन थरांमध्ये उसंत, आणि कडक ऊन किंवा वारा असेल तर ओली गोणपाटं टांगून ठेवणं, हे सगळं आलं. मुसळधार पावसात आणि गोठवणाऱ्या थंडीत काम बंद. कळीचा चुना विरवताना उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा गंभीर होते. चुन्याच्या कामावर हात बसलेला गवंडी शोधायला वेळ लागतो, आणि खरी अडचण तीच आहे. सतत ओल असलेल्या जागी हायड्रॉलिक चुना वापरता येतो. तो पाण्याशीही घट्ट होतो आणि तरी भिंतीला श्वास घेऊ देतो. शेवटी वरून अ‍ॅक्रिलिक रंग मारला, तर सगळी मेहनत वाया! चुन्याचीच सफेदी करा.

सिमेंट सर्वस्वी वर्ज्य आहे असंही नाही. पारंपरिक तंत्र अपुरं पडलं आणि नव्याचा उपयोग सिद्ध झालेला असला, तर जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणारी १९६४ ची व्हेनिस सनद नव्या तंत्राला वाव देते. मात्र ‘लवकर होतं’ हे कारण त्यात बसत नाही. कॅथलिक धर्मसंस्थेचा १९८३ चा कायदासंग्रहही, कलम १२१६ मध्ये, चर्चच्या दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगतो. बैठकीत वाद झालाच तर हे कलम वाचून दाखवा.

दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी आधी पन्हळी साफ करा आणि बाहेर भिंतीलगत साचलेली माती उतरवा. अर्धी ओल कदाचित तिथूनच येत असेल. भिंतीवर आधीच सिमेंट असेल आणि ते काढताना दगड सोलत असेल, तर तिथे जबरदस्ती नको. मग सर्वांत ओल्या भिंतीवर चुन्याचा एक हातभर तुकडा लावून पाहा, आणि करारावर सही करण्याआधी त्याला एक अख्खा पावसाळा काढू द्या.