आठ इंची डॉब्सोनियन, यूएचसी फिल्टर आणि कोल्हापूरचं आभाळ

माझ्या आठ इंची डॉब्सोनियनसाठी (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) दसऱ्याच्या सुमारास सव्वा इंची यूएचसी फिल्टर (तेजोमेघ उठून दिसावेत म्हणून प्रकाश गाळणारी काच) घेतला, आता मे संपत आलाय. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) तळाशी फिरवून बसवायचा, एवढंच. आटे जरा खरखरीत आहेत. थंडीत बोटं बधिर झाली की काढताना वैताग येतो.

हा ४८६ नॅनोमीटरची हायड्रोजनची आणि ४९६, ५०१च्या ऑक्सिजनच्या रेषा, म्हणजे ठरावीक रंगांचा प्रकाश, आरपार जाऊ देतो, बाकीचा बराच प्रकाश अडवतो. म्हणजे उपयोग फक्त स्वतः उजळणाऱ्या वायूला. कृत्तिकांभोवतीची धूसरता धुळीवरून परावर्तित झालेल्या ताऱ्यांच्याच प्रकाशाची. तिथे फिल्टर लावून तारे तेवढे मंदावतात.

रंकाळ्याजवळच्या गच्चीवरून मृगातल्या एम ४२ या तेजोमेघाचे पंख फिल्टरने थोडे लांबतात, त्यापुढे फार आशा नको. जुन्या सोडियम दिव्यांचा उजेड बराचसा पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असायचा, तो अडायचा. पांढऱ्या एलईडीचा सगळीकडे सांडलेला, या फटीतूनही आत शिरतो.

पैसे वसूल झाले ते पन्हाळ्यापलीकडे, मसाई पठारावर. एकशृंगीतला एनजीसी २२४४ हा तरुण तारकागुच्छ नुसत्या आयपीसमधून छान दिसतो. फिल्टर लावला की गुच्छ फिका पडतो आणि त्याच ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी उजळलेलं रोझेट तेजोमेघाचं कडं दिसू लागतं. वर्धन अगदी कमी ठेवा, नाहीतर मावत नाही.

सुपरनोव्हाच्या (स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांच्या) अवशेषांत मात्र दुजाभाव आहे. हंसातला व्हेल (Veil, म्हणजे ओढणी) तेजोमेघ ऑक्टोबरमध्ये ५२ सिग्नी ताऱ्यावरून विस्कटलेल्या झिरमिळीसारखा गेलेला दिसला. फिल्टर काढला की जवळजवळ गायब! १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा अवशेष, वृषभातला एम १ (खेकडा तेजोमेघ), यात फारसा सुधारत नाही. त्याचा बराच प्रकाश चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, सगळ्या तरंगलांबींत पसरलेला. म्हणून तो मी फिल्टरविनाच बघतो.

इटा कॅरिनीचा तेजोमेघ इथून दक्षिण क्षितिजावर जेमतेम १३ अंश चढतो. हंगामात उसाचा पाला पेटवलेला आणि गुऱ्हाळांचा धूर नेमका त्याच उंचीवर तरंगतो, त्याला कुठलाच फिल्टर पुरा पडत नाही. वळीव पडून हवा धुतली गेल्यावर, मेमध्ये अंधार पडताच बघा. एम ४२पेक्षा मला तोच आवडला. सहा इंचांहून लहान दुर्बीण असेल तर आधी पठारावर जायच्या पेट्रोलला पैसे घाला, फिल्टर नंतर.