मॅगी वॉकर यांचं घर, रिचमंड: फुकट आहे, पण जरा वाचून जा

अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला चाललोय म्हटलं की सगळे सिव्हिल वॉरचीच ठिकाणं सांगतात, आम्ही ती सोडून जॅक्सन वॉर्ड या ब्लॅक वस्तीतलं, बँक काढणाऱ्या मॅगी वॉकर यांचं घर बघितलं, पैसे वसूल म्हणणार होते पण तिकीटच नाहीये, नॅशनल पार्कवाले फुकट दाखवतात. आत रेंजरसोबतच (म्हणजे पार्कचा गाइड) जायचं. २८ खोल्या, आणि सामान जवळपास सगळं त्यांचंच. पुढे त्यांना व्हीलचेअर आली तेव्हा बसवलेली लिफ्ट पण आहे.

पण फर्निचर बघायला जाऊ नका हो. या बाईंची आई आधी गुलामगिरीत होती, नंतर लोकांचे कपडे धुवून घर चालवायची. १८९९ ला सेंट ल्यूक नावाची ब्लॅक लोकांची एकमेकांना मदत करणारी संस्था पार बुडायला आली तेव्हा सेक्रेटरीपद मॅगीबाईंना मिळालं, आधीच्या पुरुषाला वर्षाला ३०० डॉलर होते, यांना १००. बुडती बोट बाईच्या हातात द्यायची आणि पगारही कमी, वा! १९०३ ला त्यांनी बँक काढली, अमेरिकेत बँकेची अध्यक्ष झालेली पहिली ब्लॅक महिला. पहिल्या दिवशी कोणीतरी फक्त ३१ सेंटवर खातं उघडलं म्हणे. माझ्या सासूबाई गावी बचत गट बघतात, त्यांना याचं काहीच नवल नाही, म्हणाल्या असंच सुरू होतं सगळं.

मला जास्त लागलं ते दुकानाचं. १९०५ ला ब्रॉड स्ट्रीटवर एम्पोरियम म्हणजे मोठं दुकान काढलं, काउंटरवर ब्लॅक मुली कामाला, तर गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकी करून होलसेलवाल्यांवर दबाव आणला की यांना माल देऊ नका, आणि ब्लॅक गिऱ्हाइकं पण गोऱ्यांच्या दुकानात जात राहिली, शेवटी काही वर्षांत बंद. १९१५ ला मुलाने चोर समजून गोळी झाडली आणि नवराच गेला, मुलावर खटला चालला, तो सुटला, पण तेवढ्यात संस्थेतल्याच काही लोकांनी बाईंना पदावरून काढायचा घाट घातला. तरी टिकल्या. बायकांना मत मिळालं १९२०ला, आणि १९२१ला या बाई व्हर्जिनिया राज्याच्या शिक्षणप्रमुख पदासाठी उभ्या! रिपब्लिकन पक्षाने ब्लॅक लोकांना बाहेर ठेवलं म्हणून यांनी स्वतःचंच पॅनल उभं केलं होतं. हरल्या, ते ठरलेलंच होतं.

हे माहीत असेल तर रेंजरला प्रश्न विचारता येतात, नाहीतर नुसतं जुनं घर वाटेल. टूरच्या वेळा बदलतात, वेबसाइट बघूनच निघा. लहान पोरं कंटाळतील. माझ्याकडून साडेचार स्टार.